ब्लॅक विडो पल्सार म्हणजे काय? खोडदच्या दुर्बिणीला तो कसा सापडला?

नाशिकहून पुण्याला जाताना वाटेत नारायणगाव लागते. तिथून जवळच, जुन्नर तालुक्यातल्या खोडद गावी जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. याच दुर्बिणीने ‘जे१५४४+४९३७’ हा पल्सार शोधल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. तो सेकंदाला सुमारे ४६३ गिरक्या घेतो.

इतका वेग येतो कुठून?

मोठ्या ताऱ्याचा स्फोट झाल्यावर उरणारा अतिघन गाभा म्हणजे न्यूट्रॉन तारा. वजन सूर्याहून जास्त, आकार मात्र एखाद्या शहराएवढा. त्याचे रेडिओ झोत दीपगृहाच्या प्रकाशासारखे फिरतात आणि पृथ्वीवर ठोक्यांसारखे पोहोचतात, म्हणून तो पल्सार. वयानुसार त्याची गिरकी मंदावते. पण शेजारी जोडीदार तारा असेल, तर त्याचा वायू पल्सारवर ओढला जातो आणि गिरकी पुन्हा वेग घेते.

पहिला मिलिसेकंद पल्सार १९८२ मध्ये सापडला. शोधणाऱ्यांत कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. तो पल्सार मात्र एकटाच होता. मग त्याचा जोडीदार गेला कुठे?

‘ब्लॅक विडो’ हे नाव का?

ज्याच्या जिवावर वेग मिळाला, त्याच जोडीदाराला पल्सारचे प्रखर उत्सर्जन हळूहळू झिजवते. नराला खाणाऱ्या कोळिणीवरून हे नाव पडले. एकटे पल्सार कसे उरतात, याचे एक संभाव्य उत्तर इथे मिळते.

‘जे१५४४’चा जोडीदार सूर्याच्या जेमतेम दोन टक्के वजनाचा असावा. दोघे तीन तासांच्या आत एक फेरी पूर्ण करतात. जोडीदारापासून सुटलेला वायू आड आला की ३२२ मेगाहर्ट्झवर ठोके सुमारे २२ मिनिटे गायब होतात, जणू ग्रहणच. त्याच वेळी ६०७ मेगाहर्ट्झवर मात्र ते मिळतात. या फरकावरूनच मधल्या वायूचा अभ्यास होतो.

नाशिककरांशी याचा संबंध काय?

हे संकेत अत्यंत क्षीण असतात. मोबाइल टॉवर किंवा विजेच्या ठिणग्यांचा गोंगाट ते सहज झाकून टाकतो. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा नारायणगावमार्गे आखलेला मार्ग बदलण्यामागे रेल्वे मंत्रालयाने याच दुर्बिणीचे कारण दिले. एकीकडे या पट्ट्याची जुनी मागणी, दुसरीकडे एकदा गमावली की परत न मिळणारी रेडिओ शांतता, असा हा पेच आहे.