कॅराव्हॅन घेण्यापूर्वी...

विश्रामबागेतून कॅराव्हॅनने कोकणात जाण्याचा बेत असणाऱ्यांनी किमतीआधी कागदपत्रे पाहावीत. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग, ओटा व शौचालय बसविले, म्हणजे ती कायद्याने कॅराव्हॅन ठरत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत मंजुरीविना बदल करता येत नाही. आरसी बुकात बदलाची नोंद नसल्यास अपघातानंतर विम्याचा दावा अडू शकतो.

दुसरा मुद्दा वजनाचा. पाण्याची शंभर लिटरची टाकी भरली, की शंभर किलो भार वाढतो. त्यात बॅटऱ्या, सामान आणि माणसे मिळवून एकूण वजन मंजूर मर्यादेत बसले पाहिजे. आंबा घाट उतरताना ब्रेकवर ताण येतो तो याच भाराचा.

सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये महापूर पाहिला. त्यामुळे जुन्या गाडीच्या तळाचा गंज, आसनांखालचा गाळ आणि वायरिंग जाणकाराकडून तपासून घ्यावे.

वर्षातील बहुतेक दिवस ही गाडी उभीच असते. तेव्हा फाटकाची रुंदी आणि पोर्चची उंची आधी मोजावी. शक्य असल्यास भाड्याची कॅराव्हॅन घेऊन दोन-चार रात्री राहून पाहावे. हौस आणि गरज यांतला फरक तेव्हाच कळतो.