शिक्षण उपकर : यवतमाळ जिल्हा

शाळांची उभारणी व शिक्षणाचा प्रसार यांसाठी जमीन, इमारती यांसारख्या स्थावर मालमत्तेवर बसविलेली विशेष पट्टी. तिचे प्रयोजन आधीच ठरलेले असल्यामुळे ती सर्वसाधारण करांहून वेगळी मानतात. पट्टी भरणाऱ्यांच्याच मुलांपर्यंत तिचा लाभ पोहोचतो किंवा नाही, हा तिच्या इतिहासातील मूळ प्रश्न होय.

मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ घेण्यात येऊ लागला व १८६९ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. यातील एकतृतीयांश रक्कम शाळांसाठी असे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगास दिलेल्या निवेदनात, सरकारी महसूल मुख्यतः रयतेच्या श्रमातून येत असताना शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांना मिळतो, हे निदर्शनास आणले.

यवतमाळ त्या वेळी मुंबई इलाख्यात नव्हते. १८५३ च्या तहान्वये निजामाने ब्रिटिशांकडे सोपविलेल्या वऱ्हाडातील हा भाग होय. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांतास जोडण्यात आले आणि पूर्वी वणीच्या (वून) नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यास १९०५ मध्ये यवतमाळ हे नाव मिळाले. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आल्यावर जिल्ह्यास राज्याची करव्यवस्था लागू झाली.

राज्याने १९६२ मध्ये शिक्षण उपकराचा अधिनियम केला. त्यानुसार नागरी क्षेत्रांतील जमिनी व इमारती यांवर कर आणि नगदी पिकांखालील शेतजमिनींवर विशेष आकारणी बसविण्यात आली. यवतमाळ, वणी, पुसद, दिग्रस यांसारख्या शहरांत नगरपरिषदा आपल्या घरपट्टीबरोबर हा कर गोळा करतात. तथापि तो त्यांचा नसून राज्याचा असतो. सत्तरीच्या दशकात याच अधिनियमात रोजगार हमी उपकराची भर पडली. ग्रामीण प्राथमिक शाळा १ मे १९६२ पासून अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदेकडे आल्या. जमीनमहसुलावरील स्थानिक उपकर हे तिच्या स्वतःच्या उत्पन्नाचे एक साधन होय. मात्र महसुलाचे दर जुन्या बंदोबस्तात ठरलेले असल्याने वाढत्या बांधकामखर्चाच्या मानाने हे उत्पन्न तोकडे पडते.

या दोन पद्धतींमागे दोन भिन्न तत्त्वे आहेत. स्थानिक पट्टीत देणाऱ्याला आपल्या पैशातून उभी राहिलेली शाळा डोळ्यांपुढे दिसते. परंतु गाव जितके गरीब, तितकी शाळाही दुबळी राहते. मुख्यतः पावसावर अवलंबून असलेल्या कापूसशेतीच्या या जिल्ह्यात, विशेषतः केळापूर, झरी जामणी या तालुक्यांतील कोलाम व गोंड वस्त्यांत, केवळ स्थानिक करावर शाळा बांधणे दुष्कर आहे. राज्यव्यापी करामुळे सधन शहरांतील उत्पन्न दुर्बल भागांकडे वळविता येते. पण ते राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळल्याने कोणत्या घरपट्टीतून कोणती वर्गखोली झाली, हे नागरिकास कळत नाही.

सर्व शिक्षा अभियान (२००१) व त्याला सामावून घेणारे समग्र शिक्षा अभियान (२०१८) यांमुळे शाळाखोल्यांच्या बांधकामास केंद्राचाही निधी मिळू लागला. तरी बांधलेल्या इमारतीची दुरुस्ती व देखभाल हा दरवर्षीचा खर्च असतो. त्यासाठी निश्चित व स्थायी उत्पन्नाची गरज कायम राहते.