नवीन मराठी नाटक बघायचंय? यवतमाळकरांनी सुरुवात 'तेरवं'पासून करावी

"नवीन चांगलं नाटक सुचवा" म्हटलं की यादीत येतात मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटकं. त्यांचे दौरे नागपूर-अमरावतीपर्यंत येतात, यवतमाळात क्वचितच. पण गेल्या काही वर्षांत मराठीत आलेल्या वेगळ्या नाटकांपैकी एक थेट याच मातीतलं आहे, 'तेरवं'.

लेखक श्याम पेठकर, दिग्दर्शक हरीश इथापे. याच जोडीचं 'दाभोळकरचं भूत' आधी गाजलेलं. 'तेरवं'चं वेगळेपण असं की यात शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या बायका स्वतःच रंगमंचावर उभ्या राहतात. व्यावसायिक नट्या नाहीत, नाटकाचं शिक्षण नाही. शेतात किंवा अंगणवाडीत राबणाऱ्या या बाया आहेत.

तेरवं म्हणजे तेराव्या दिवसाचा विधी. तोवर घरात पाहुणे असतात, पुढारी येतात, फोटो निघतात. चौदाव्या दिवशी काय? सातबारा कुणाच्या नावावर? सावकाराला कोण तोंड देणार? आत्महत्या 'पात्र' ठरली तर सरकारी मदत एक लाख, त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. 'अपात्र' ठरली तर तेही नाही. कर्ज तेच, नापिकी तीच, तरी नवरा गेल्यावर बाई मरत नाही, लेकरं घेऊन उभी राहते. बातम्यांत मेलेल्यांचा आकडा येतो. हे नाटक जगलेल्यांबद्दल बोलतं.

या नाटकातली एक कलाकार महाराष्ट्राला वेगळ्याच कारणाने माहीत झाली. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळात 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं आणि राज्यभर वाद पेटला. मग उद्घाटन कुणी केलं? कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करणाऱ्या आणि 'तेरवं'त भूमिका करणाऱ्या. त्याच वर्षी त्यांनी यवतमाळ-वाशिममधून लोकसभाही लढवली. सहगल प्रकरण झाकायला त्यांना पुढे केलं, अशी टीका तेव्हा झाली. पण त्यांचं भाषण ज्यांनी ऐकलं, त्यांना ती बाई कुणाची ढाल वाटली नसेल.

2024 मध्ये 'तेरवं' नावाचा सिनेमाही आला, दिग्दर्शक इथापेच. तरीही जमलं तर नाटकच बघा. पडद्यावरची गोष्ट नट सांगतात, इथे ज्यांच्यावर बेतलं त्याच सांगतात, आणि समोर बसलेल्याला नजर चुकवता येत नाही.

आता एक गंमत. 'तेरवं' बघण्याआधी किंवा नंतर महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' वाचून काढा. एलकुंचवारांचा जन्म याच जिल्ह्यातल्या पारव्याचा, 1939 चा. नाटक 1985 साली विजया मेहतांनी रंगमंचावर आणलं, म्हणजे नवीन नाही. पण तेही तेरा दिवसांचंच नाटक आहे. तात्याजी गेलेत, मुंबईचा सुधीर बायकोसह गावी आलाय आणि वाड्यात भांडण कशावरून, तर तेरवीच्या खर्चावरून. अंगणात ट्रॅक्टर गंजत पडलाय. तिथे जमीनदाराचं घर ढासळतंय, 'तेरवं'त कोरडवाहू शेतकऱ्याचं. दोन्ही लागोपाठ अनुभवली की वऱ्हाडातल्या शेतीचं चाळीसेक वर्षांत काय झालं ते समजायला वेगळा अहवाल लागत नाही.

गाव-शेतीशी नातं सांगणारी आणखी काही नाटकं शोधायची तर दत्ता पाटील यांचं 'हंडाभर चांदण्या' घ्या. टँकरची वाट बघणाऱ्या दुष्काळी गावाची ही गोष्ट. राजकुमार तांगडे यांचं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' जालना जिल्ह्यातल्या शेतकरी कलावंतांनी उभं केलं आणि मुंबईत हाऊसफुल्ल करून दाखवलं. प्राजक्त देशमुख यांच्या 'संगीत देवबाभळी'त शेती नाही, पण नवऱ्याच्या मागे घर ओढणारी तुकोबांची आवली आहे आणि तिची काळजी घ्यायला आलेली रखुमाई. दोनच पात्रं. या संहितेला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळालाय.

बघायचं कुठे, हा खरा प्रश्न. हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या अमरावती, चंद्रपूर, नागपूर केंद्रांवर होतात. तिकीट नाममात्र, आणि विदर्भातल्या लेखकांच्या कोऱ्या संहिता सगळ्यात आधी तिथेच दिसतात. सगळ्याच जमलेल्या नसतात, हे मान्य. 'तेरवं'चा प्रयोग मात्र बोलावल्याशिवाय गावात येणार नाही. त्याला मोठं नाट्यगृह लागत नाही. एखादं कॉलेज, गणेश मंडळ किंवा ग्रामपंचायत मनावर घेईल तर यंदाच्या उत्सवात ऑर्केस्ट्राऐवजी हा प्रयोग ठेवता येईल.