सह्याद्रीतील उतारांचा शोध आणि वर्ध्याचा कापूस

धाम नदीकाठचे पवनार हे वर्धा परिसरातील प्राचीन नगर. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. एकोणिसाव्या शतकात मात्र या काळ्या मातीच्या मुलुखाच्या व्यापाराची दिशा धामेच्या काठी नव्हे, तर पश्चिमेस सहाशे किलोमीटरांपलीकडे, सह्याद्रीच्या रानात ठरली.

येथील कापूस मुंबई बंदरी पोचवावयाचा तर घाट उतरणे अटळ होते. लादलेल्या बैलास अरुंद व खडी वाट चालते. त्यामुळे थळ, माळशेज, नाणे, बोर अशा अनेक घाटवाटा पिढ्यानुपिढ्या वाहत्या राहिल्या. तरीही नागपूरकडील बराचसा कापूस उलट दिशेने, गंगाकाठच्या मिर्झापुरास जात असे.

आगगाडीची गरज निराळी होती. जॉन चॅपमन व जॉर्ज क्लार्क यांच्या मूळ योजनेत माळशेजची निवड होती. एकच घाट चढून वर वऱ्हाडकडे व दक्षिणेकडे दोन फाटे काढावेत, ही कल्पना नकाशावर आकर्षक दिसते. पुढे जेम्स बर्कले याने कडे, ओढे व दाट रान यांतून मोजण्या करून माळशेज सोडला आणि थळ व बोर असे दोन घाट स्वीकारले. एका चढणीऐवजी दोन पत्करण्याचा हा निर्णय खर्चिक, परंतु विवेकाचा म्हटला पाहिजे.

दोन्ही घाटांत कमाल चढ सदतीस फुटांस एक फूट एवढा ठेवला गेला. बोरघाटाची लांबी सुमारे १५¾ मैल, उंची १,८३१ फूट व बोगदे २५. थळघाट सुमारे ९¼ मैल, ९७२ फूट व १३ बोगदे. चढापेक्षा उतार अधिक भयावह होता. भरलेली गाडी आवरेनाशी झाली तर तिला वर चढत्या रुळांवर वळवून थोपविण्याची सोय ठिकठिकाणी करावी लागली. बोरघाटाची वाट शिंगरोबा नामक धनगराने इंग्रजांस दाखविली, अशी लोककथा आहे. तीस कागदोपत्री आधार नाही. मात्र दुर्बिणीच्या आधी या रानात गुराख्यांची पावले पडली होती, एवढे तिच्यातून घ्यावयास हरकत नाही.

बोरघाट १८६३ मध्ये व थळघाट १८६५ मध्ये खुला झाला. वऱ्हाड–वर्ध्याचा माल थळघाटानेच उतरणार होता आणि नेमकी तीच वाट मागाहून तयार झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून कापसास विलक्षण भाव आला होता; युद्ध १८६५ मध्ये संपले, भाव कोसळले, आणि लोहमार्ग नागपुरास पोचला तो १८६७ मध्ये. तेजीच्या वर्षांत या भागातील कापूस गाड्याबैलांवरच रेंगाळत गेला.

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये निर्माण झाला होता. त्याचे ठाणे १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी, लोहमार्गालगत वसविण्यात आले. जुने पवनार तेथून जेमतेम आठ किलोमीटरांवर, बाजूस राहिले.