पावती कोणाच्या नावावर? सरकारी चाळीतल्या पोटभाडेकरूचा शंभर वर्षांचा हिशेब

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींतील पहिल्या 556 घरांच्या चाव्या वाटल्या गेल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात 500 चौरस फुटांचे घर मिळाले आणि तेही मालकीचे. ज्यांना मिळाले त्यांच्या आनंदात आम्ही सामील आहोत. चार पिढ्या सामाईक संडासाच्या रांगेत घालवलेल्या माणसांच्या हातात चावी आली, ही लहान गोष्ट नाही.

पण पात्रता यादी माणसे मोजत नाही, पावत्या मोजते. आणि प्रत्येक सरकारी चाळीत असे एखादे तरी घर असते, जिथे पावतीवरचा माणूस कधीच गेला आणि पावतीवर नसलेला माणूस तिथेच राहिला. मूळ भाडेकरू निवृत्त होऊन गावी गेला, कोणी विक्रोळीला गेला, कोणी डोंबिवलीला. खोलीत उरला तो त्याने ठेवून घेतलेला पोटभाडेकरू. त्याची मुले तिथेच जन्मली, शाळेत गेली, त्यांची लग्ने झाली. यादी लागते तेव्हा त्याला कळते की कायद्याच्या लेखी तो ‘अनधिकृत रहिवासी’ आहे.

मूळ भाडेकरू निघून गेल्यावर पोटभाडेकरूचा हक्क काय? सरकारी उत्तर एका शब्दाचे आहे : काहीच नाही. हे उत्तर कुठून आले आणि ते आमच्याच माणसांच्या वाट्याला इतके का आले, हे आम्हाला येथे मांडायचे आहे.

1896 साली मुंबईत प्लेग आला. गोऱ्या साहेबाला आणि देशी शेठजींना पहिल्यांदा जाणवले की कामगारवस्तीतला रोग मलबार हिलपर्यंत चढू शकतो. 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले आणि काही चाळी बांधल्या. पुढे 1920 साली गव्हर्नर लॉइडच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले. पन्नास हजार खोल्या बांधण्याची घोषणा झाली. बांधल्या गेल्या जेमतेम सोळा हजार, 207 चाळींत : वरळीला 121, नायगावला 42, डिलाईल रोडला 32 आणि शिवडीला 12. सुरुवातीला या खोल्या ओस पडल्या होत्या, कारण गिरणीपासून लांब, पाण्याची बोंब आणि भाडे कामगाराला न परवडणारे. 1930 च्या सत्याग्रहात वरळीच्या चाळी चक्क तुरुंग म्हणून वापरल्या गेल्या. घर म्हणून बांधलेली वास्तू तुरुंगाच्या कामी बिनतक्रार येते, यातच तिची रचना कळते.

या चाळींत आमची माणसे मोठ्या संख्येने का आली? खासगी चाळीत खोली मागायला गेले की आधी आडनाव, मग गाव, मग जात. मालक नाही म्हणाला नाही, तर शेजारी म्हणायचे. सरकारी चाळीत निदान कागदावर जातीची अट नव्हती. खुद्द बाबासाहेबांचे कुटुंब 1912 पासून दोन दशकांहून अधिक काळ परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, 50 आणि 51 क्रमांकाच्या खोल्यांत राहिले. परदेशी पदव्या घेतलेला, विधिमंडळात बसणारा माणूस चाळीत राहत होता, हे आपण कौतुकाने सांगतो. त्यामागचे शहराचे वास्तव मात्र सांगायचे राहून जाते.

बरे, खोली मिळाली तरी भाडे कुठून द्यायचे? गिरणीत जास्त मजुरीचे खाते विणकामाचे. तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्याला त्या खात्यात प्रवेश नाही. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उपस्थित केला, तो याचसाठी. कमी पगाराच्या खात्यात राबणाऱ्याला आख्ख्या खोलीचे भाडे झेपत नसे. मग तो गावाकडचे चार जण ठेवून घेई. कोणी भाचा, कोणी भावकीतला, कोणी नुसता गाववाला. एकाची वळकटी भिंतीला, दुसऱ्याची ट्रंक मोरीजवळ. पाळीप्रमाणे झोपायचे. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागेवर पडायचा. उन्हाळ्यात गॅलरीत, पावसाळ्यात एकमेकांच्या कुशीत. घरातली बाई सगळ्यांच्या भाकऱ्या थापायची आणि त्या पैशांतून पावती फाटायची. 1931 च्या जनगणनेत मुंबईतील जवळपास तीन चतुर्थांश लोक एका खोलीच्या घरात राहत होते. या शहराचा कामगार पोटभाडेकरूच्या पैशावर भाडेकरू झाला होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

कोकणातल्या गावांनी तर ‘गावकीची खोली’ हा प्रकारच निर्माण केला. खोली सगळ्या गावाची, वर्गणी सगळ्यांची, पण पावती एकाच्याच नावावर, कारण सरकारच्या वहीत गावाच्या नावाला रकाना नव्हता. विश्वासाने चालले तोवर चालले.

आता कायद्याकडे वळू. 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा 13 फेब्रुवारी 1948 पासून लागू झाला. त्याने नवे पोटभाडे बंद केले, पण आधीपासूनच्या कायदेशीर पोटभाडेकरूला एक मोठा हक्क दिला. मूळ भाडेकरूचा हक्क संपला तर पोटभाडेकरू थेट घरमालकाचा भाडेकरू होईल. म्हणजे वरचा गेला तरी खालचा रस्त्यावर येणार नाही. पुढे बंदी असूनही पोटभाडे चालूच राहिले, तेव्हा 1959 साली सरकारने माघार घेतली आणि 21 मे 1959 पूर्वी ताब्यात असलेल्या पोटभाडेकरूंना कायदेशीर केले. मग लोकांनी नवी पळवाट काढली. पोटभाडेकरू म्हणायचेच नाही, ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणायचे. 1973 साली तीही बुजवली गेली. 1 फेब्रुवारी 1973 रोजी जो लायसन्सवर जागेत राहत होता, तो कायद्याने भाडेकरू झाला. गिरगाव-दादरच्या किती कुटुंबांची घरे या तारखेने वाचली, याची गणती नाही. या कायद्याला आम्ही नावे ठेवत नाही. उलट, प्रत्यक्ष राहणाऱ्याचा हक्क मान्य करणारा तो एक चांगला कायदा होता.

पण त्याच कायद्याचे चौथे कलम वाचा. सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या जागेला हा कायदा लागू नाही. झाले! बीडीडी चाळ सरकारची. 1933 साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाल्यामुळे ट्रस्टच्या चाळी महापालिकेच्या. म्हणजे ज्या चाळींत आमची माणसे एकवटली होती, नेमक्या त्याच चाळी संरक्षणाबाहेर राहिल्या. 1948, 1959, 1973 या तिन्ही तारखा त्यांच्या दारावरून निघून गेल्या.

कोणी म्हणेल, हा योगायोग आहे, हेतू नव्हता. हेतूचे आम्ही ठामपणे सांगत नाही, पण एक घटना सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने भाटिया सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात असा निकाल दिला की ही सूट सरकारला नाही, जागेला आहे. म्हणजे जागा सरकारी असेल तर आतल्या दोघांच्या भांडणातही भाडे कायदा येणार नाही. तो वाद इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीवरच्या खासगी इमारतीचा होता. निकालाने अशा इमारतींतले भाडेकरू उघडे पडले, तेव्हा 1953 साली कायद्यात दुरुस्ती झाली : सरकारी जमिनीवर पट्टेदाराने इमारत बांधली असेल तर ती ‘सरकारी जागा’ धरायची नाही. दुरुस्ती योग्यच होती. पण दुरुस्तीला हात घातलाच होता, तर सरकारने स्वतः बांधलेल्या चाळींतल्या माणसाची आठवण का झाली नाही? त्याच्यासाठी 1955 साली वेगळा कायदा आला, सरकारी जागेतून हुसकावण्याचा. परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला, हे त्यात निष्कासनाचे कारण. महापालिकेच्या कायद्यातही तशीच कलमे आहेत. निवाडा करणारा अधिकारी कोण? त्याच घरमालकाचा नोकर. खासगी मालकाला निदान कोर्टाची पायरी चढावी लागे.

आणि समजा, चौथे कलम नसतेच, तरी आमच्या माणसाला काय मिळाले असते? 1973 च्या दुरुस्तीत अट होती की लायसन्सवरची जागा ‘एका खोलीपेक्षा कमी नसावी’. शिवाय मूळ भाडेकरू जिथे स्वतः राहतो त्या जागेतल्या पेइंग गेस्टला लायसन्सच्या व्याख्येतूनच वगळले होते. दोन-तीन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये एक खोली वेगळी देता येते. जिथे घर म्हणजेच एक खोली, तिथे पोटभाडेकरूच्या वाट्याला कोपरा येतो. वीस वर्षे कोपऱ्यात राहिलेला माणूस कायद्याला दिसत नाही, कारण कायद्याने हक्क मोजायला भिंत हे माप घेतले. 1999 च्या नव्या भाडे नियंत्रण कायद्यानेही सरकारी जागांची सूट जशीच्या तशी ठेवली.

आश्रितासारखे राहणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी भोगले आहे. 1917 साली बडोद्यात नोकरीला गेले तेव्हा एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून त्यांना राहावे लागले. रोजचे दीड रुपया भाडे ते देत होते. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेला. कमाठी बागेत बसून त्यांनी मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. भाडे दिले होते, हक्क नव्हता. पुढे लंडनला 1921-22 मध्ये ते किंग हेन्रीज रोडवर 10 नंबरच्या घरात राहिले, तेही भाडोत्री म्हणूनच.

लंडनचा उल्लेख आणखी एका कारणाने करतो. त्याच सुमारास, 1919 च्या कायद्याने, इंग्लंडमधल्या नगरपालिका कामगारांसाठी मोठ्या प्रमाणावर भाड्याची घरे बांधू लागल्या होत्या. आपली बीडीडी योजना म्हणजे त्याच काळाचे गरीब भावंड. त्या घरांतल्या भाडेकरूला 1980 च्या कायद्याने न विचारता लॉजर ठेवण्याचा हक्क मिळाला. पण भाडेकरू घर सोडून गेला की लॉजरला तिथेही निघावे लागते. भाडेकरू वारला तर हक्क पती-पत्नीला, आणि जुन्या करारांत वर्षभर सोबत राहिलेल्या नातेवाइकाला मिळू शकतो, लॉजरला नाही. तेव्हा विलायतेला आदर्श म्हणायचे कारण नाही. फरक एवढाच की तिथे माणसाला घरात थारा देणे हा गुन्हा धरला गेला नाही. इथे तो दोघांनाही बाहेर काढण्याचा आधार झाला, आणि म्हणून दोघांनीही तो लपवला. लपवल्यामुळे पुरावा राहिला नाही. आज अधिकारी विचारतो, पुरावा कुठे आहे?

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. हजारो कामगार गावी गेले, कित्येक परतलेच नाहीत. जाताना खोली भावाला, पुतण्याला, सोबत राहणाऱ्याला देऊन गेले. काही पैसे घेऊन, काही नुसत्या शब्दावर. त्यावेळी त्या खोलीला किंमत नव्हती, उलट भाडे थकलेले होते. ते कोणी भरले? जो राहिला त्याने, पण पावती फाटली गेलेल्याच्या नावाने.

येथे आम्हाला आमच्याच बाजूची एक अडचण मान्य करावी लागेल. पोटभाडेकरू प्रत्येक वेळी बिचारा नसतो. पुनर्विकासाचा वास लागल्यावर दलालांनी कोऱ्या कागदावर सह्या घेऊन खोल्या उचलल्या, त्यांना आम्ही पोटभाडेकरू म्हणत नाही. आणि दुसरीकडे, गावी गेलेल्या कामगाराची विधवा आहे. तिने त्याच खोलीत वीस माणसांच्या भाकऱ्या भाजल्या. तिचे नाव पावतीवर कधीच नव्हते आणि आज तिलाही वारसाचे कागद मागितले जातात. ही बाई आणि तो पोटभाडेकरू, दोघेही बहुतेक वेळा एकाच समाजाचे, कधी एकाच गावचे. कायद्याने त्यांना एकमेकांसमोर उभे केले आहे, कारण घर एक आणि हक्काचा रकानाही एकच.

आमचे म्हणणे असे आहे की 1973 ला जे तत्त्व खासगी घरांसाठी मान्य केले, ते सरकारने स्वतःच्या चाळींना लावावे. ठरावीक तारखेपूर्वीपासून प्रत्यक्ष राहणारा माणूस, कोपऱ्यात राहिला असला तरी, रहिवासी धरावा आणि मूळ भाडेकरूच्या कुटुंबाचा हक्क न मारता त्याला वेगळे घर द्यावे. जागा नाही, असे सांगू नका. त्याच जमिनीवर विक्रीचे टॉवर उभे राहतात, ते जागा असल्याशिवाय राहतात काय?

तोपर्यंत ज्यांची सुनावणी लागली आहे त्यांनी रेशनकार्ड आणि मतदार यादीवर थांबू नये. मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला काढा. गिरणीचे तिकीट, दवाखान्याचा केसपेपर, भीमजयंतीच्या वर्गणीची पावती, सगळे काढा. आणि गावाकडच्या घरी कोणाच्या ट्रंकेत जुनी पत्रे, मनीऑर्डरीच्या पावत्या असतील तर त्या मागवून घ्या. पोटभाडेकरूच्या पत्त्यात नेहमी दुसऱ्याचे नाव असायचे : अमुक अमुक, मार्फत तमुक, चाळ नंबर, खोली नंबर. त्या ‘मार्फत’ शब्दावर टपालखात्याचा शिक्का आहे, आणि शिक्क्यावर तारीख.