पदर, कासोटा आणि मळणीयंत्र



इतिहास म्हटला की आपल्यापुढे गड, लढाया आणि तहनामे उभे राहतात. आज त्यांतले काहीच मी सांगणार नाही. सेनगावच्या शिवारात बायामाणसे काय नेसून कामाला गेली, त्यात बदल कसा झाला, आणि त्या बदलाचा त्यांच्या जिवाशी काय संबंध आहे, एवढेच सांगणार आहे. विषय घरगुती वाटेल. पण अखेर तो हातापायांचा आणि प्राणाचा विषय आहे.

सोयाबीनच्या सुगीत सेनगाव तालुक्यातल्या कोणत्याही रस्त्याने जा. सोंगणी करणाऱ्या बाया ओळीने वाकलेल्या दिसतील. अंगात साडीवर घातलेला पुरुषी, पूर्ण बाह्यांचा जुना सदरा. डोक्याला आणि तोंडाला रुमाल. हा वेष त्यांना कोणी शिकवला? कोणी नाही. ऊन, कुसळे आणि धूळ यांनी शिकवला. घरात धन्याचा टाकलेला सदरा होता, तो त्यांनी अंगात घातला. मला विचाराल तर ही गोष्ट इतिहासात नोंदवण्याजोगी आहे.

आता थोडे मागे जाऊ. माझी आजी नऊवारी लुगडं नेसायची. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. एवढे कापड अंगावर बाळगून शेतात काम कसे होत असेल, असे आजच्या मुलीला वाटेल. पण त्या लुगड्याची रचनाच कामाची होती. निऱ्या दोन पायांमधून मागे नेऊन कासोटा खोचला की दोन्ही पाय मोकळे. कष्टकरी घरात नेसण पोटरीपर्यंत वर असे, म्हणजे चिखलात, बांधावर, पाण्यात कुठेही अडचण नाही. पदर कमरेला आवळून खोचलेला. ओच्यात शेंगा राहायच्या, कनवटीला दोन पैसे राहायचे. परकर लागत नसे, शिंपी लागत नसे. सांगायचे ते हे, की आपल्या आज्यांचे लुगडे दोन पायांना वेगळे करणारे वस्त्र होते. हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढे कामाला येईल.

मग हे लुगडे गेले का? एक कारण हिशेबाचे. दुसऱ्या महायुद्धात कापड दुर्मीळ झाले. 1943 साली इंग्रज सरकारला कापडावर नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात, पण टंचाईला सरहद्द ठाऊक नसते. दोन नऊवारी लुगड्यांच्या कापडात तीन सहावारी साड्या निघतात, हे गणित गरिबाच्या घरात सांगावे लागत नाही. दुसरे कारण प्रतिष्ठेचे. शहरातल्या शिकलेल्या बाया गोल पातळ नेसू लागल्या, आणि कासोटा म्हणजे जुनाट, खेडवळ असे मुलींना वाटू लागले. तिसरे कारण धाग्याचे. 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला वाट मोकळी करून दिली. न विटणारी, लवकर वाळणारी, स्वस्त साडी आठवडी बाजारात आली. ती घाम शोषत नाही, आणि ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटते, हे मागाहून कळले.

इथवर ही आवडीनिवडीची गोष्ट झाली. पण त्याच सुमारास शिवारात दुसराही बदल होत होता. पूर्वी ज्वारी खळ्यावर मळली जाई. मधे तिवडा, भोवती बैलांची पात. बैलाच्या पायात पदर अडकून कोणाचा जीव जात नसे. पुढे सोयाबीन आले, ट्रॅक्टर आला, मळणीयंत्र आले. ट्रॅक्टरच्या मागच्या ज्या दांड्यावर यंत्र चालते, त्याचा ठरलेला वेग मिनिटाला 540 फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. त्यात पदराचे टोक गेले तर एका सेकंदात मीटरभर कापड गुंडाळले जाते. बाई ओरडेपर्यंत खांदा यंत्राशी आलेला असतो. माझ्या माहितीतली एक बाई अशीच ओढली गेली. पदर जुना, विरलेला होता म्हणून फाटला आणि ती वाचली. नवा असता तर?

म्हणजे पाहा, खोचलेला पदर आणि बांधलेला कासोटा गेला, सुटा पदर आणि घेरदार नेसण आली, आणि नेमके तेव्हाच फिरणारे यंत्र शेतात आले. ही गाठ कोणी मुद्दाम घातलेली नाही. पण ती सोडवली मात्र मुद्दामच पाहिजे.

सरकारने याची दखल घेतली होती. मळणीयंत्रांवर हात तुटू लागले तेव्हा संसदेने 1983 साली धोकादायक यंत्रांविषयीचा कायदा केला. यंत्र कसे असावे आणि जखमी झालेल्यास भरपाई कशी मिळावी, हे त्यात आहे. फवारणीचे औषध हाताळणाऱ्याला संरक्षक कपडे द्यावेत, असे 1971 च्या कीटकनाशक नियमांत आहे. तरी 2017 च्या खरिपात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो दवाखान्यात गेली. कायदा कागदावर असतो. अंगावर कपडा असतो.

परदेशांतही हा प्रश्न आला होता. पहिल्या महायुद्धात, 1917 साली, इंग्लंडमध्ये शेतीसाठी स्त्रियांचे दल उभारले गेले आणि त्यांना गुडघ्यापर्यंतची विजार दिली गेली. लोकांनी नाके मुरडली, पण पीक निघाले. जपानच्या थंड ईशान्य भागातील शेतकरी बाया ‘मोंपे’ नावाची सैल विजार पिढ्यान्‌पिढ्या घालीत. दुसऱ्या महायुद्धात ती देशभर पसरली. आपण मात्र सुनेने सलवार घालून शेतात जावे की नाही, यावर अजून घरात खल करतो. आता मघाचे वाक्य आठवा. सलवारीत दोन पाय वेगळे असतात, कासोट्यातही होते. मग परके ते काय?

कोणत्या कामाला काय घालावे, ते थोडक्यात सांगतो. मळणीला सुटा पदर किंवा ओढणी नकोच. सलवार आणि वर सदरा. बाहीचे बटण लावलेले, सदऱ्याचा घोळ आत खोचलेला. रुमालाची टोके आत, गळ्यातले सदऱ्याच्या आत. साडीच नेसायची असेल तर पदर कमरेला घट्ट आवळावा आणि यंत्राच्या तोंडाशी बाईने उभे राहू नये. सोंगणीला पायांत बूट हवेत, कारण सोयाबीनची धसकटे चपलेला जुमानत नाहीत. कापूस वेचताना पूर्ण बाही हवी, म्हणजे बोंडांनी हात ओरबाडत नाहीत. फवारणीचे पाणी बाईच वाहते, म्हणून रबरी हातमोजे तिलाही हवेत. औषधाने भिजलेला कपडा लगेच बदलावा आणि घरच्या धुण्यापासून वेगळा धुवावा. कापड शक्यतो सुती असावे.

धनीलोकांना एक विनंती आहे. सुगीला बैलांचे साज आपण आठवणीने दुरुस्त करतो. त्याच वेळी घरातल्या बाईसाठी तिच्या मापाचा, तिच्या पसंतीचा एक सुती सदरा शिवून घ्यावा. तिला जुना आणि टाकाऊच का?

गुरुजनहो, तुमच्यासाठीही एक काम आहे. मुलांना सांगा, घरी जाऊन आजीला विचारा: लुगडं किती वारांचं होतं, कुठल्या बाजारातून आणलं, केव्हा सोडलं आणि का. उत्तरे वहीत उतरवून घ्या. वर्गात ती वाचली जातील तेव्हा एखादी मुलगी नक्की विचारील, ‘मग माझी आई यंत्रावर पदर सोडून का उभी राहते?’ तो प्रश्न तिला घरी घेऊन जाऊ द्या.