स्ट्रेप्टोमायसिनची सुई

कांजूरमार्ग-भांडुपच्या चाळींत एके काळी क्षयाच्या रोग्याबद्दल दबक्या आवाजात सांगत, ‘त्यांना सुया चालू आहेत.’ ही सुई स्ट्रेप्टोमायसिनची, क्षयाच्या जंतूला मारणाऱ्या पहिल्या प्रतिजैविकाची. १९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात अल्बर्ट शॅट्झ या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला मातीतल्या सूक्ष्मजीवात ते सापडलं. १९५२चं नोबेल मात्र एकट्या त्याच्या गुरूला, सेलमन वाक्समन यांना मिळालं. गुरुदक्षिणा फक्त आपल्याकडेच द्यावी लागते असं नाही! आपल्याकडे १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथे आधी पेनिसिलिन आणि साठच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन तयार होऊ लागलं.

पेनिसिलिन जंतूच्या भिंतीचं बांधकाम बिघडवतं. स्ट्रेप्टोमायसिन आत शिरतं. जंतूच्या पेशीत रायबोसोम नावाचे अतिसूक्ष्म कारखाने असतात. जनुकांकडून आलेला मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचून ते प्रथिनं जोडतात. औषध रायबोसोमच्या लहान भागाला चिकटलं, की हे वाचन चुकतं. आम्हा कवींना हे लगेच पटावं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की ‘दिना’चा ‘दीन’ होतो. चुकीची प्रथिनं साचून जंतू मरतो. टायफॉइडवरचं क्लोरॅम्फेनिकॉल तर जोडणीच थांबवतं. स्ट्रेप्टोमायसिन नेमकं कुठे बसतं, ते २००० साली वेंकटरामन रामकृष्णन यांच्या चमूने दाखवलं. रामकृष्णन बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. २००९च्या नोबेलचे एक मानकरी.

माणसाचे रायबोसोम वेगळ्या घडणीचे, म्हणून ते वाचतात. पण आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणारे माइटोकॉन्ड्रिया हे अब्जावधी वर्षांपूर्वीच्या जंतूंचेच वंशज. त्यांचे रायबोसोम जंतूंच्या वळणाचे. आतल्या कानातल्या नाजूक पेशींना स्ट्रेप्टोमायसिन भोवतं, त्याचं एक कारण हे मानतात. क्षयातून वाचलेल्या कित्येकांचा तोल गेला, काहींचं ऐकणं कायमचं गेलं. घरचे मात्र म्हणत, ‘हाक मारली तरी लक्ष नसतं यांचं!’

२०२४ साली केंद्र सरकारने, नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी सहा महिन्यांचा, सुईविना गोळ्यांचा उपचार मंजूर केला. त्यातलं लिनेझोलिडही रायबोसोमच अडवतं. यात कान वाचतात. पण माइटोकॉन्ड्रियाशी गाठ इथेही आहेच. त्यामुळे दवाखान्यात आता वेगळी विचारपूस होते : पायांना मुंग्या येतात का? अक्षरं नीट दिसतात का?